बटरक्रीमचा हार

आधी दाब थांबवायचा, मग हात उचलायचा. लिनने मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, आणि उन्हाळा संपत आला तरी मला ते नीट जमत नव्हतं. पिशवी दाबता दाबताच मी हात वर घ्यायचे आणि क्रीमच्या प्रत्येक शिंपल्याला शेपूट फुटायचं. लिन केकखालचं फिरतं टर्नटेबल आपल्याकडे फिरवून बघायची, पॅलेट नाइफने अख्खी ओळ खरवडून काढायची आणि म्हणायची, "उंदीर झालेत, लव्ह. पुन्हा."

बेसिंगस्टोकच्या रिंगरोडला लागून असलेल्या सुपरमार्केटमध्ये, बेकरीच्या मागच्या कोपऱ्यात, काचेआड आमचं केक सजवायचं टेबल होतं. लिन तिथे वीस-बावीस वर्षं होती. 'वरदा' तिच्या तोंडात बसेना, म्हणून माझ्या बॅजवर नुसतं 'व्ही' आलं. माझे हात गरम आहेत, अशी तिची तक्रार असायची. बटरक्रीम पिशवीतच वितळायचं. ती मला मधूनमधून थंड पाण्याच्या नळाखाली हात धरायला पाठवायची आणि मी तिथे सांगितल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहायचे.

त्याआधी मी लायब्ररीत होते. आईचं आजारपण वाढलं तेव्हा ती नोकरी सोडली. मार्चमध्ये आई गेली. लायब्ररीत परत घेतलं असतं तरी मी गेले नसते. तिथे सगळे आईला ओळखत होते; दर शनिवारी पिशवीभर पुस्तकं घेऊन यायची ती. तिथे लोकांनी विचारलं असतं. बेकरीत काचेपलीकडची माणसं केककडे बघतात. मिक्सर आणि फ्रीजच्या घरघरीत त्यांचं बोलणंही ऐकू येत नाही. दिवसातला तेवढाच वेळ मला बरा जायचा. बरा म्हणजे, जायचा.

प्रोबेशन संपत आलं होतं. शुक्रवारी ऑर्डरचा एक केक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने करायचा, तो लिनने पास केला की मी बेकरीत कायम. नाही तर टिलवर, म्हणजे दाराशी बिलं करायला. टिलवर बसलेल्या माणसाने प्रत्येक गिऱ्हाइकाला 'हाउ आर यू टुडे' म्हणायचं असतं. तेही मी म्हटलं असतं. पण गिऱ्हाईक उलट तेच विचारतं. दिवसभर, एकामागून एक, काचेशिवाय. ते मला झेपणार नाही हे मला माहीत होतं, आणि लिनलाही बहुधा माहीत होतं, कारण गुरुवारी घरी जाताना ती म्हणाली, "उद्या नीट झोपून ये. तू मला इथेच हवी आहेस. नवीन पोरं फोनमध्ये असतात."

शुक्रवारची ऑर्डर फोटो-केकची होती. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, आमच्याकडचा प्रिंटर तो खायच्या रंगांनी साखरेच्या पातळ शीटवर छापतो, आणि ती शीट पांढऱ्या केकवर बसवायची. फोटोत एक म्हातारी बाई होती. मोतिया रंगाची साडी, वरून राखाडी कार्डिगन, मागे समुद्र, उन्हाने बारीक झालेले डोळे. खाली इंग्रजी अक्षरांत लिहायचं होतं : 'हॅपी बर्थडे, आजी'.

म्हणजे घर मराठी होतं. हे मी वाचलं, मला कळलं, आणि थोडं बरंही वाटलं.

शीट एकही सुरकुती न पडता बसली. कडेने शिंपले घालायला मी पिशवी उचलली तेव्हा लिन म्हणाली, "शिंपले सगळेच घालतात. आज तुझ्या मनाचं काहीतरी कर."

मी फुलं केली. छोटी, गच्च पाकळ्यांची, एक पिवळं, एक केशरी, मध्ये पांढरं. फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या फुलाला शेपूट आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. दाब थांबत होता, मग हात उठत होता, आणि मध्ये कसलाही विचार येत नव्हता. फुलं डाव्या बाजूने खाली उतरली, बाईंच्या छातीपाशी वळली, उजव्या बाजूने वर चढली. तळाशी मधोमध मी एक मोठं गुलाबाचं फूल केलं आणि त्याखाली दोन पांढरे झुबके सोडले. मग नाव लिहिलं. अक्षरं सरळ आली. इतक्या महिन्यांत माझ्या हातून पुरी झालेली ती पहिलीच गोष्ट होती.

लिन टर्नटेबल फिरवायला आली आणि तिने ते फिरवलंच नाही. "अगं," ती म्हणाली, "हे कुठे शिकलीस?" तिने फोन काढून फोटो घेतला. प्रोबेशनच्या कागदावर ती सही करायला लागली, पण पेन चालेना. म्हणाली, "केक गेला की करते. तू झालीस पास."

दुपारी केक न्यायला एक तरुण आला, आणि त्याच्याबरोबर फोटोतल्या बाई स्वतः. तेच कार्डिगन होतं. त्या हळू चालत होत्या, हात ट्रॉलीच्या दांड्यावर.

"ही माझी आजी," तो मुलगा काउंटरवर इंग्रजीत म्हणाला. "तिला गाडीत बसून राहा म्हटलं होतं. डॉक्टर होती ना, कुणाचं ऐकत नाही."

"गाडीत काय बसायचं? मी काय कुत्रा आहे, नील?" बाई मराठीत म्हणाल्या.

मी हसले. हसत हसतच खोक्याचं झाकण उघडलं आणि खोकं त्यांच्याकडे वळवलं. वळवताना मला केक पहिल्यांदा अख्खा, लांबून दिसला. टेबलावर सकाळपासून मी एकेक फूलच बघत होते.

"ओ वाव," नील म्हणाला. "आजी, बघ ना, किती सुंदर झाली केक!" त्याने फोन काढला. "इकडे ये, तुझी फोटो घेतो केकबरोबर."

बाई पुढे आल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"फोटो नको."

"का? यू लुक लव्हली."

"दिसतेच आहे. उदबत्ती तेवढी राहिली."

नीलला कळलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी केलं," मी मराठीत म्हटलं.

"मराठी तुम्ही?"

"हो."

"आणि तरी?"

लिन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, कौतुक ऐकायला.

"मंगळवारी माझं ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "म्हणून पोरांनी सहस्रचंद्रदर्शन आधीच उरकायचं ठरवलं. तुम्ही त्याच्याही पुढचं उरकून टाकलंत."

"व्हॉट इज इट? आजी, काय झाला?"

"असा हार आपण गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतो, नील. आजोबांच्या फोटोला नाही का, हॉलमध्ये?"

नीलने केककडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. मग तो माझ्यावर इंग्रजीत बरसला. "तू इंडियन आहेस. यांना माहीत नसेल, समजू शकतो. पण तुला? हा विनोद आहे का?"

"मी काढते," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या. प्लीज."

मी पॅलेट नाइफ घेतला आणि डाव्या कोपऱ्यापासून खरवडायला लागले. फुलं निघाली, पण केशरी रंग साखरेत उतरला होता. शीट ओली होऊन सुरीबरोबर वर येऊ लागली. कार्डिगनवर एक पट्टा ओढला गेला. मी तो पुसायला गेले तर हनुवटी गेली. माझे हात गरम झाले होते. मी थांबायला हवं होतं आणि मी थांबले नाही. उजव्या बाजूलाही तेच केलं.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "पेशंट जास्तच बिघडतोय."

मी सुरी खाली ठेवली.

"घरी कोण गेलं? आई?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"मार्चमध्ये."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. तरी मला राग आलाय हं. आणि भीतीही वाटली. ती काही तुला खरवडून काढता येणार नाही." मग नीलकडे वळून, "तो चॉकलेटचा घे शेल्फवरचा. माझं तोंड नसलेला कुठलाही चालेल."

नीलने तो घेतला. आजीला बाकावर बसवून तो तक्रारीच्या काउंटरवर गेला. तिथली मुलगी मान हलवत लिहून घेत होती. बाई ट्रॉली धरून बसून होत्या, त्यांची नजर दाराकडे होती.

तासाभराने मॅनेजर ग्रॅहम आत आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं, मिक्सर बंद केला आणि खोक्यातल्या केककडे बघून कपाळाला हात लावला.

"फुलं आहेत ती, ग्रॅहम," लिन म्हणाली. "आधी सुंदर होती. माझ्या फोनमध्ये बघ. इथे कुणाला काय कळणार होतं?"

"तेच मला लिहायचंय," ग्रॅहम म्हणाला. "गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे की व्हीला कळायला हवं होतं. पण इंडियाही मोठा आहे. प्रत्येक घराचं वेगळं असणार. तुमच्याकडे ही पद्धत नाही, असं मी लिहितो आणि प्रकरण मिटवतो." त्याने पेन कागदावर टेकवलं. "नाही ना?"

लिन माझ्याकडे बघत होती. मान हलवायचीही गरज नव्हती. मी गप्प बसले असते तरी त्याने लिहिलं असतं.

आमच्याकडे आईचा फोटो अजून भिंतीवर नाही. माझा भाऊ मिहीर क्रॉयडनला असतो, त्याला पासपोर्टवरचा मोठा करून हवाय, मला स्वयंपाकघरात हसतानाचा. तेराव्याच्या दिवशी त्यावरून आमचं भांडण झालं, आणलेला हार तसाच फ्रीजमध्ये राहिला आणि आठवड्याने मी तो कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकला. तिच्यासाठी एवढंच करायचं उरलं होतं आणि तेही आमच्याकडून झालं नाही. आता हाराला काही अर्थ नसतो, निदान आमच्या घरी नसतो, असं या टेबलापाशी उभं राहून म्हणायचं होतं.

"आहे," मी म्हटलं. "आमच्याकडेही हीच पद्धत आहे."

ग्रॅहमने पेन उचललं. "मग कसं काय?"

"हात चालत गेला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला माहीत होतं. करताना आठवलं नाही."

"मला हे असंच लिहावं लागेल, व्ही," तो म्हणाला, आणि त्याने लिहिलं. "मग केकवर नाही ठेवता येणार तुला. निदान सध्या."

तो गेल्यावर लिनने मिक्सर पुन्हा सुरू केला नाही. "एक नो म्हणायचं होतं," ती म्हणाली. "एक नो, मूर्ख बाई. मी सांभाळून घेत होते ना?" तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. ती खोकं उचलायला गेली. फुकट गेलेला माल त्याच दिवशी अन्नाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, असा नियम आहे.

"मी टाकते," मी म्हटलं.

डबा मागच्या दाराशी होता. केकवरच्या फोटोतले डोळे अजून शाबूत होते, उन्हाने बारीक झालेले. त्यांना वर बघत ठेवून झाकण लावणं मला जमेना, म्हणून मी केक उलटा केला. जिवंत बाई. मंगळवारी कुणीतरी त्यांना भूल देणार होतं. मी त्यांच्यासाठी काही म्हणावं असं वाटलं, पण ओठांवर आलं ते सगळं आईसाठी पाठ केलेलं होतं, आणि ते मी गिळलं.

हात धुतले. एप्रन काढून लिनच्या हुकाशेजारी अडकवला, मग आठवलं आणि घडी करून हातात घेतला. वर ग्रॅहमच्या खोलीत जाऊन टिलचं ट्रेनिंग कधी ते विचारलं.

"मंडे," तो म्हणाला. मग त्याने पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "हाउ आर यू, व्ही? खरं सांग."

तो उत्तरासाठी थांबला होता.