धर्मादायाची वही

सहादू आहेरांनी बोट ओलं करून वहीचं पान उलटलं आणि शेजारच्या कागदावर आकडा टिपला. वकिलांच्या ऑफिसात समोरच्या बाकावर चिमणाबाई बसली होती, सिन्नरहून सकाळच्या एस.टी.ने आलेली. ती भावाकडे राहत होती, आणि त्याने तिला दिवाळीनंतर वेगळी खोली बघायला सांगितलं होतं.

विक्रीकर खात्यातून निवृत्त होऊन सहादूंना दोन वर्षं झाली होती. घटस्फोटाच्या दाव्यासाठी वह्या तपासायचं काम मात्र पहिलंच. तिचा नवरा पुंजाराम कांद्याचा अडत्या. महिन्याला साडेतीनशे सुटतात, पोटगी कुठून देऊ, असं त्याने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. विक्रीच्या वह्याही त्याचीच री ओढत होत्या: वर्षाला सहा हजार दोनशे पोती. कोर्टाने सगळ्या वह्या मागवल्या तेव्हा त्याने धर्मादायाचीही आणून दिली. देवाच्या वहीत कोण पोती मोजणार, असं त्याला वाटलं असावं. दर पोत्यामागे दहा पैसे देवाला काढायचे, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज होता, आणि तिथे तो पैशालाही चुकला नव्हता. वर्षाचे अठराशे साठ रुपये.

“म्हणजे पोती अठरा हजार सहाशे,” सहादू म्हणाले. “तिप्पट.”

“देवाला नाय फसवलं त्यांनी,” चिमणाबाई हळूच म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, त्याचं सहादूंना वाईट वाटलं.

“तेच कोर्टाला सांगायचं. हा माणूस या वहीत खोटं लिहीत नाही.”

त्यांनी खर्चाची बाजू उघडली आणि त्यांचं बोट थांबलं.

“काय हाय?”

सहादूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वाचलं. “श्रावण सप्ताह, शेवटची पंगत. कैलासवासी सौभाग्यवती चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ. चारशे एक रुपये.”

खाली रस्त्यावर टांगा गेला. चिमणाबाई हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

पुंजारामने दुसरं घर केलं होतं, ते तिला ठाऊक होतं. आपल्याला मारून केलं, हे नव्हतं.

पुंजारामचा वकील हेच पान धरील, सहादूंनी तिला समजावलं. जी वही जित्या बाईला मेली म्हणते, तिच्यातली पोती तरी खरी कशावरून, असं विचारील. खर्चाची बाजू आपण होऊन काढली नाही, तर कदाचित त्याच्या ध्यानातही यायचं नाही. बोलताना त्यांची नजर टेबलावरून वर येत नव्हती.

“त्या पंगतीला मी जेवलोय, बाई,” ते शेवटी म्हणाले. “दरवर्षी जातो कीर्तनाला. कर्ण्यावर नाव पुकारलं, तेव्हा मीही हात जोडले.”

चिमणाबाईने बोटाचा बंद सोडवला.

“कीर्तन कसं झालं होतं?”

“चांगलं झालं. बुवांनी तुमचं नाव घेऊन मरणावर निरूपण केलं. बायका रडल्या.”

“म्हंजे रडलं कुणीतरी,” ती म्हणाली.

सहादूंनी वही मिटायला घेतली. चिमणाबाईने वहीवर हात ठेवला.

“ल्ह्या, आण्णा. पोती बी ल्ह्या, आन हे बी ल्ह्या. इचारलं तर मी उभी ऱ्हाईन ना तिथं.”

सहादूंनी पेनाचं टोपण काढलं. ‘कैलासवासी’ लिहिताना त्यांचा हात अडखळला, तशी तिने कागद सरकू नये म्हणून कडेवर बोट दाबून धरलं.