भानूकाकीचा मिशाळ तांडेल

हिवाळ्यात शिरगावच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर टांगलेले बोंबील वाळू लागले, की त्यांच्यामधून वाहणाऱ्या वाऱ्याला एक खरखरीत, खारट, तरीही लयदार नाद येतो. भानूकाकीचा आवाज तसा होता. काकी दिसण्याआधी तो ऐकू यायचा, आणि ती घरात गेल्यावरही काही वेळ अंगणात रेंगाळत राहायचा. तिचं आणि आमचं नातं फक्त शेजारच्या कुंपणाचं. पण आळीतल्या सगळ्याच पोरांची ती काकी होती. या पदाला कारणही भक्कम होतं. आळीतला पहिला टीव्ही तिच्या घरी होता.

तो कृष्णधवल संच काकांनी आणला होता. काका मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा असे, असं लोक सांगत. घरात मात्र तो बहुधा पहिलाही नसे. संचाला सरकती लाकडी दारं होती. रविवारी सकाळी ती उघडताना काकी देव्हारा उघडावा तशी पदर सावरायची, आणि आम्ही दहा-बारा पोरं, तिची मुलगी नयना सर्वांत पुढे, शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर मांडी घालून बसायचो.

त्या काळी एकच वाहिनी होती, आणि तिच्यावर दूरच्या, हिमाच्छादित देशांतली जुनी कार्टून्स लागायची. चित्रांच्या कडा थरथरायच्या, मध्येच काळे ठिपके मुंग्यांसारखे धावायचे, आणि पात्रं अशा भाषेत बोलायची की घशात काटा अडकलेला माणूस आठवावा. आम्हा पोरांना अर्थ हवा असायचा. "काकी, तो काय बोलला?" असं कुणीतरी विचारायचं. काकीला ती भाषा येत नव्हती. पण 'मला माहीत नाही' हे वाक्यही तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

त्यातली एक फिल्म पुन्हा पुन्हा लागायची, आणि तिच्यातलं आमचं लाडकं पात्र म्हणजे एक अगडबंब, मिशाळ, दोन लांब सुळ्यांचा जलचर. त्याला वॉलरस म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर तो काकीचा धर्मा तांडेल होता. त्याच्या मागे टोपी घातलेली एक हंसीण हातात घंटा घेऊन फिरायची.

"ही त्याची सासू," काकी गंभीरपणे सांगायची. "जावय पळतो म्हनून घंटा वाजवते."

तो पडद्यावर चार पावलं चालला की काकीच्या मुखातून एक संपूर्ण संसार वाहू लागायचा. धर्मा बायकोचं हरवलेलं पैंजण शोधायला निघालाय, वाटेत पत्त्यांच्या डावात अडकलाय, सासूला खोटं सांगतोय की मी देवळात होतो. हंसीण चिडून त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायची आणि त्याच्या सुळ्यांवरून पांढराशुभ्र फेस ओघळायचा. "साबन खायाला दिला त्याला," काकी म्हणायची, "खोटं बोलला ना." तो फेस पाहून आळीतली कितीतरी पोरं खरं बोलायला लागली, आणि काही पोरं आंघोळीला घाबरायला लागली.

पुढे मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. पाण्याचे नमुने तपासायचे, आकडे लिहायचे. कल्पनेला तिथे फारसा वाव नसे. जेवणाच्या सुट्टीत बालपणीच्या कार्टून्सचा विषय निघाला की प्रत्येकाकडे दोन-चार नावं असत आणि ती सर्वांनाच ठाऊक असत. मी मिशाळ तांडेल आणि घंटेवाली सासू सांगितली की सगळे जेवायचं सोडून माझ्याकडे बघायचे. मी गाळण-कागदावर त्याचं चित्रही काढून दाखवलं. बॉयलरवरचे मिश्राजी ते बराच वेळ उलटसुलट बघत राहिले आणि सहानुभूतीने म्हणाले, "मॅडम, बुखार में देखा होगा." नयनालाही ते आठवतं, असं मी सांगितलं, तर एकाच आळीचे दोन साक्षीदार धरता येत नाहीत, असा निर्णय झाला. मी कित्येक वर्षं इंटरनेटवर ते शोधत राहिले. खरं तर मला कार्टून नकोच होतं. मिश्राजींची माफी हवी होती.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. आयुष्यभर वादळं अंगावर घेतलेला तो माणूस भर दुपारी, स्वतःच्या खाटेवर, चहात आलं कमी आहे अशी तक्रार करून शांतपणे गेला. त्यानंतर वर्षभरात काकीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात जड झाला, आणि तो खारा, खरखरीत आवाज एका शब्दावर येऊन थांबला. बरं. चहा हवा का? बरं. पाय दुखतो का? बरं. शेजारीण बघायला आली, तिला म्हणाली, बरं.

"जन्मात कुणाच्या कशाला बरं न म्हटलेली बाई," नयना मला म्हणाली. ती हसत होती, पण डोळे पुसत होती. "मला हिच्याशी भांडायचंय गं. भांडणच होत नाही."

वाचेचे उपचार करणाऱ्या पालघरच्या ताईंनी सांगितलं होतं की जुनं, जिवाजवळचं काही समोर ठेवा; त्याच्या ओढीने शब्द येतील. नयनाने लग्नाचे फोटो दाखवले, आरत्या लावल्या, काकांची टोपी हातात दिली. सगळ्याला उत्तर एकच. मग एक दिवस तिने मला विचारलं, "तुझा तो तांडेल सापडतो का बघ ना. इतकी वर्षं गंमत म्हणून शोधलास. आता आईसाठी शोध."

विस्मृत कार्टून्स जमवणाऱ्या लोकांचा एक समूह मला इंटरनेटवर सापडला. त्यांच्यासमोर मी माझं चित्र ठेवलं. आठ-दहा आठवड्यांनी एका बर्फाळ देशातल्या निवृत्त शिक्षकांचं उत्तर आलं. ती फिल्म त्यांच्या शाळेच्या कपाटात होती. त्यांनी ती पाठवली, आणि आपुलकीने संवादांचं इंग्रजी भाषांतरही जोडलं. ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले. ती दातांच्या आरोग्यावरची सरकारी फिल्म होती. हंसीण परिचारिका होती. फेस टूथपेस्टचा होता. फिल्मचं पहिलं चित्र पाहून मी ती बंद केली; बाकीची काकीसोबतच पाहायची होती.

रविवारी आम्ही काकीची खाट टीव्हीसमोर सरकवली. थरथरत्या कडांचा तो मिशाळ देह पडद्यावर अवतरला तेव्हा काकीची मान किंचित पुढे आली, एवढंच. "ते खरं काय बोलतायत ते वाच," नयना म्हणाली. मी टाळत होते, पण वाचावं लागलं.

"परिचारिका म्हणते, नागरिक, आपण आज दात घासलेत का?"

काकीच्या कपाळावर आठी उमटली.

"वॉलरस म्हणतो, होय, पण फक्त पुढचे."

"नाय," काकी म्हणाली.

नयनाने माझा दंड घट्ट धरला. काकीचे ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले, जाळ्यात अडकलेली गाठ बोटांनी सोडवावी तसे. मग शब्द आला. "सासू. सासू हाय ती."

"काकी, इथे नर्स लिहिलंय."

"लिवनाऱ्याला... काय म्हाईत."

आम्ही आवाज बंद केला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. काकी बोलू लागली. अडखळत, दोन शब्दांमध्ये पूर्ण ओहोटी येऊन जाईल एवढं थांबत. पण धर्मा पैंजण शोधायला निघाला, पत्त्यांत अडकला, देवळाचं खोटं बोलला. घंटा हा शब्द येईना, तेव्हा तिने डाव्या हाताने स्टीलचा पेला खाटेवर आपटला. नयना खोटं-खोटं म्हणाली, "आये, पैंजण नव्हतं, नथ होती." त्यावर काकीने तिच्याकडे असा काही दृष्टिक्षेप टाकला की दीड वर्षाचं राहिलेलं भांडण एका क्षणात वसूल झालं.

फेसाचा प्रसंग संपला आणि पडद्यावर असं काही दिसू लागलं, जे आम्ही दोघींनी कधीच पाहिलं नव्हतं. वॉलरस एका हिमखंडावर बसला, त्याने हात हलवला, आणि तो तरंगत लांब जाऊ लागला. लहान, आणखी लहान, मग नुसता ठिपका, आणि मग केवळ पाणी. तेव्हा कुठे मला उमगलं. फेस ओघळला की काकी दर वेळी संचाची दारं ओढून घ्यायची. आला तांडेल घरी, जेवाया बसला, तुमी पन जा, असं सांगून आम्हाला पिटाळायची. आम्हाला तोच शेवट वाटायचा.

"रविवारी बाबा कुठे असायचे?" नयनाने हळूच विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं. होडी त्या दिवसांत आठ-आठ दिवस परतायची नाही, आणि किनाऱ्यावर तिची काहीही खबर यायची नाही.

काकी त्या रिकाम्या पाण्याकडे पाहत होती. मग ती जराही न अडखळता म्हणाली, "वळला तो. तिकडून वळला. तुमाला हितून दिसत नाय."

काकी आता बरीच बोलते, आणि ज्यांना तिचं मौन सोसवत नव्हतं तेच आता तिचं बोलणं सोसतात. नयनाशी रोज सकाळी एक आणि दुपारी एक भांडण होतं. मिश्राजींनी फिल्म पाहिली, माफी मागितली नाही, पण मुलीला दाखवायला मागून नेली. त्या शिक्षकांना मी काकीची कथा लिहून कळवली. त्यांनी लिहिलं, की त्यांच्या वर्गातली मुलं दर वर्षी विचारायची, तो वॉलरस पुढे कुठे गेला. आणि दात घासण्याविषयी सगळं ठाऊक असूनही याचं उत्तर त्यांना कधी देता आलं नव्हतं.

काळ आपल्या माणसांना हळूहळू त्या ठिपक्यापर्यंत नेतो आणि मग पाणी तेवढं उरतं. पण ते तिकडून वळले असं ठामपणे सांगणारा एक आवाज घरात असेल, तर त्यांचं नसणं ही नुसती लांबलेली फेरी वाटते, आणि स्मृती जेवणाचं ताट झाकून वाट पाहत राहते.