गुणवंतरावच्या इंजिनाचा दम

ठमाबाईनं वड्यांची अख्खी खाट धानाच्या गिरणीच्या दारात आणून आपटली, तेव्हा गुणवंतराव पट्ट्याला राळ लावत होता. लाखोरीच्या डाळीच्या वड्या सकाळी पिवळ्याधमक होत्या. आता त्यांच्यावर काजळी बसली होती.

"पाहा गुणवंतभाऊ, डोळे फाडून पाहा! वड्या हायेत का कोळसे?"

"वारा तुमच्या आंगनाकडं वाह्यते बाई, मी काय करू? थो वारा माह्या गिरणीत कामाले नाई."

"वाऱ्यावर नोका ढकलू. तुमच्या धुराड्याले सांगा!"

ठमाबाई नुसती शेजारीण असती तर दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे होऊन भांडण मिटलं असतं. पण करंजीटोल्याच्या ग्रामपंचायतीत ती मेंबर होती आणि मिटिंगीत चहा पिऊन उठून येणाऱ्यांतली नव्हती. तिनं ठराव करून घेतला. संक्रांतीपर्यंत धूर बंद करा, नाहीतर गिरणी गावाबाहेर नाल्याच्या काठावर न्या. त्या काठावर पावसाळ्यात बैलगाडी कण्यापर्यंत रुतायची. तिथं गिरणी नेणं म्हणजे मोडीत काढण्यासारखंच होतं. गुणवंतरावनं बैलजोडी विकून ते डिझेल इंजिन आणलं होतं. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला, गावात विजेचे खांबही आले, पण तार काही आली नाही. तेव्हा धान काढणीनंतर सारी पंचक्रोशी या इंजिनाच्याच भरवशावर होती, आणि गुणवंतरावचं घरही.

"आता ब्रम्हपुरीहून नथ्थू मिस्त्रीले आना," त्याची बायको अंजनाबाई म्हणाली. "तुमी हातोडीनं ठोकून पाह्यलं, तेवढं पुरे झालं."

नथ्थू एस्टीनं आला. त्यानं इंजिन चालू करायला लावलं, वर उठणारा काळाकुट्ट लोट पाहिला आणि पेचकसाचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. ठमाबाई दारात पदर खोचून हजर होतीच.

"तेल उशिरा पडून राह्यलं जी," नथ्थू म्हणाला.

"म्हंजे?" गुणवंतरावला काही कळलं नाही.

"उखळात दोघी बाया धान कांडते ना? एकीचं मुसळ वर गेलं का दुसरीचं खाली याले पायजे. तसंच हे. दट्ट्या वर आला का नेमकं तेल पडाले पायजे. इथी दट्ट्या खाली निंगून जाते आन् मंग तेल पडते. ना ताकद भेटत, ना तेल पुरतं जळत. अर्धं जळते, अर्धं ठमाबाईच्या वड्यांवर जाते."

"आन् लवकर पडलं तं?" ठमाबाईनं विचारलं. तिनं जन्मभर धान कांडलं होतं, तिला हे पटकन उमगलं.

"मंग मुसळावर मुसळ आपटते. दट्ट्या वर येऊन राह्यला आन् वरून आग त्याले खाली दाबते. इंजिन ठोके खाते. धूर नाई दिसत, पन आतून हाडं मोडते."

त्यानं तेलाचा पंप खोलला, त्याच्या बुडाखालच्या पातळ पत्त्यांतली एक काढली आणि पंप परत कसला. "बाकीच्या पत्त्यांले हात नोका लावू, गुणवंतराव. आनखी काढल्या तं तेल लवकर पडते, क्रँकचा दांडाच तुटते," एवढं बजावून तो गेला.

इंजिन असं चालू लागलं की गुणवंतरावला आपल्याच कानांवर भरवसा बसेना. ठोका नाही, आदळआपट नाही. धुराड्यातून हवा थरथरल्याइतकंच काहीतरी निघायचं. डिझेलचा डबा पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरू लागला. ठमाबाईची पांढरी लुगडी पांढरीच वाळू लागली आणि ठराव बासनात गेला. गुणवंतराव इतका खूश झाला की आल्यागेल्याला चहा पाजू लागला.

पण चहा प्यायला माणसं कमीच येऊ लागली. पहिल्यांदा वाटलं, काढणीची घाई असेल. मग घाई संपली, तरी नाल्यापलीकडच्या टोल्यांवरची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्त्यांवरची एकही गाडी येईना. एक दिवस नाल्याच्या उतारावर त्याला पलीकडच्या टोल्यावरचा लहानू भेटला. डोक्यावर धानाची बोरी, तोंड दूरच्या बाजारगावातल्या गिरणीकडे.

"लहानूभाऊ, गिरणी इथी, तुमी कुठी चालले?"

लहानू ओशाळला. "तुमचं इंजिन बिमार हाय म्हनते जी."

"बिमार? आताच तं बरं झालं थे!"

"मंग आवाज काऊन येत नाई? पयले आमी पल्याड जेवाले बसलो का ताटातली वरनाची वाटी हालत होती. मोहाच्या झाडावर धूर दिसला का बाया बोऱ्या उचलत होत्या. आता ना धूर, ना आवाज. आमाले वाटलं, आचके देऊन राह्यलं बिचारं."

गुणवंतरावनं समजावून पाहिलं. इंजिन आता कमी तेलात जास्त काम करतं, हे सांगितलं, मुसळाचं उदाहरण दिलं. लहानूनं सगळं मान डोलावून ऐकलं आणि बोरी सावरून बाजारगावाला निघून गेला. जे दोघंतिघं गिरणीत यायचे, तेही तांदूळ मुठीत घेऊन उजेडात धरायचे आणि म्हणायचे, कोंडा राहिला. आवाजच नाही तर धानाचं साल निघणार कसं!

कहर म्हणजे ठमाबाईसुद्धा आपलं धान बाजारगावाला घेऊन गेली. गुणवंतरावच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तुमच्यापायी केलं ना बाई हे सारं!"

"मी धूर बंद करा म्हटलं होतं जी. इंजिनाचा जीव काढा, असं कधी म्हटलं?"

त्या दिवशी तो घरी न जेवता गिरणीत बसला. समोर धडधाकट इंजिन आणि रिकामं अंगण. रडावं की हसावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं पाना उचलला.

"मिस्त्रीनं नाई म्हटलं होतं," अंजनाबाई म्हणाली.

"मिस्त्रीच्या घरी चूल पेटते. आपली विझून राह्यली." त्यानं पंप खोलला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या पत्त्या काढून टाकल्या.

हँडल मारताच ते उलटं फिरलं आणि त्याचं मनगट फुगून कोहळ्याएवढं झालं. पण इंजिन सुरू झालं. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! धूर नव्हता, पण भिंतीवरचे पोपडे गळायला लागले. दुसऱ्या दिवशी दारात गाड्यांची रांग लागली.

"आता आला दम!" लहानू म्हणाला.

"माह्या फडताळातली भांडी वाजून राह्यली," ठमाबाई कौतुकानं म्हणाली. "इंजिन हाय असं वाट्टे तरी."

फाल्गुनात नथ्थू मिस्त्री दुसऱ्या गावाला जाता जाता आवाज ऐकून धावत आत शिरला. "कोन्या शहान्यानं पत्त्या काढल्या?"

लोक त्याच्यावरच तुटून पडले. "तुमी बिघडवलं होतं मिस्त्री, भाऊनं सुधरवलं!"

गुणवंतरावनं त्याला बाजूला नेलं. "बरोबर ठेवलं तं गिऱ्हाईक जाते, बिघडवलं तं येते. सांगा, मी काय करू?"

नथ्थूनं आपली पिशवी उचलली. "याचा पाना माह्यापाशी नाई जी," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर इंजिनाचा प्रत्येक ठोका गुणवंतरावला आपल्याच बरगड्यांत बसायचा. लोक पाठीवर थाप मारायचे, तो हसायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, आजचा दिवस निघू दे. होळीनंतर एका भर दुपारी क्रँक तुटला. असा धडाका झाला की मोहावरचे पक्षी उडाले. इंजिनाचं अवजड चाक मातीची भिंत फोडून ठमाबाईच्या अंगणात जाऊन आडवं पडलं. नशीब, तिथं कुणी नव्हतं.

गुणवंतराव भिंतीच्या भगदाडापाशी जाऊन बसला. अंजनाबाई त्याच्या शेजारी बसली.

तेवढ्यात नाल्याकडून लहानू धापा टाकत आला. डोक्यावर बोरी, मागं टोल्यावरच्या पाचसहा बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं.

"वा रे वा, गुणवंतराव!" लहानू लांबूनच ओरडला. "आजचा आवाज तं लयच जबरदस्त! खाटेवरून उठून पऱ्हत आलो."

गुणवंतरावनं त्याच्याकडं पाहिलं, आडव्या पडलेल्या चाकाकडं पाहिलं.

"ठेवा लहानूभाऊ," तो म्हणाला, "नंबरात ठेवा बोरी."