भागाबाईच्या प्रतिनिधीची बिनविरोध निवड

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं ते तसं साधंच होतं.

"आजी, सध्या तुम्ही छान आहात. पण हा आजार पुन्हा उलटू शकतो. तेव्हा आत्ताच, डोकं शांत आहे तोवर, तुमच्या भरवशाचं एक माणूस ठरवून ठेवा. पुढे त्रास झाला तर औषधाचं, दवाखान्याचं ठरवताना ते तुमच्या बाजूनं उभं राहील. साध्या कागदावर नाव लिहा, खाली सही करा. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात."

भागाबाईनं 'भरवशाचं माणूस' एवढं मनात धरलं. शेजारी बसलेल्या तिच्या मुलानं, प्रेमराजनं, 'प्रतिनिधी' एवढंच धरलं. प्रेमराज विकास सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलेला. कुठं एखादं पद रिकामं आहे असं नुसतं कानावर आलं, तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट त्याच्या अंगावर आपोआप चढायचा. धुळ्याहून शिंदखेड्याची एसटी सुटायच्या आत त्यानं अकरा जणांना फोन लावले.

भागाबाई खिडकीशी बसली होती. तिला मागची खेप आठवत होती.

तीन वर्षांपूर्वी तिची झोप उडाली होती. डोक्यात नुसती जत्रा भरली होती. त्या भरात तिनं सात गावं पायी फिरून प्रेमराजच्या लग्नाचं आवतण दिलं. प्रेमराजची बायको कामिनी घरात भाकरी थापत होती, दोन लेकरं शाळेत होती, आणि ठरल्या दिवशी फेटे बांधून चाळीस माणसं दारात! गाव आजही ते सांगून हसतं. भागाबाईसुद्धा हसायची. पण त्याच दुपारी काय झालं ते कुणी सांगत नाही. भाऊबंदांनी तिला बैलाच्या दाव्यानं बांधलं आणि पिकअपमध्ये टाकलं. कुठं नेतो, कशाला नेतो, एका शब्दानं कुणी सांगितलं नाही, तिला विचारलं नाही. पत्रा तव्यासारखा तापला होता आणि ती अनवाणी होती. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून कोकिळा ओरडली, "आरे मुडदास्वन, तिले चप्पल तरी घालू द्या!" आणि स्वतःच्या पायातली जोडी काढून तिनं गाडीत भिरकावली.

कोकिळा म्हणजे तिची जाऊ, धाकटा दीर अभिमन याची बायको. दोघींचा अकरा वर्षांपासून अबोला. कारण काय, तर कोकिळेनं चारचौघींत म्हटलं होतं, भागाबाईच्या बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ आंबूस लागतं.

रविवारी प्रेमराजच्या अंगणात बैठक भरली. खुर्च्या आल्या, सतरंजी आली, नारळ आला. अध्यक्षस्थानी अभिमन नाना, कारण खुर्ची त्यांच्याच घरची होती.

"घरातल्या गड्यांत वयानं मी मोठा," नानांनी सुरुवात केली. "मान मन्हा शे."

"नाना, मान वेगळा, अनुभव वेगळा," प्रेमराज म्हणाला. बैठकीत तो शहरी मराठी बोलायचा.

"कसाना अनुभव? दोनदा पडना तू!"

"थोडक्यात पडलो."

"सात मते भेटनात," आतून कामिनी म्हणाली. "त्यातलं मन्हं नव्हतं."

अंगण हसलं. प्रेमराजनं घसा साफ केला आणि मुद्द्यावर आला. चर्चा दोन तास चालली. भांडण वाढू नये म्हणून सरपंचपदाच्या चालीवर तोडगा निघाला. पहिलं सव्वा वर्ष प्रेमराज, पुढचं सव्वा वर्ष नाना. आजार कुणाच्या सव्वा वर्षात उलटेल याचा विचार कुणी केला नाही. नाराज राहू नये म्हणून चुलत भाऊ तोताराम याला उपप्रतिनिधी केलं.

भागाबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "माले कोनी इचारं का?"

"माय, तू मधात बोलू नको," प्रेमराज म्हणाला. "विषय तुझाच चालू आहे."

मग शंभराच्या दोन स्टॅम्पपेपरांवर छापलेला मजकूर पुढं आला आणि शाईचं पॅड आलं.

"माले सही येस," भागाबाई म्हणाली. बावन्नाव्या वर्षी, शाळेच्या पडवीत पाटी घेऊन बसून ती शिकली होती. तिच्या 'भा'ची काठी जरा लांब जायची, पण सही तिची होती.

"सहीला वेळ लागतो माय. लोक ताटकळलेत." प्रेमराजनं तिचा अंगठा धरला, पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. टाळ्या पडल्या. प्रेमराजला शाल, नानांना नारळ, तोतारामला टोपी मिळाली. भागाबाईला रिकाम्या कपबशा मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. बारा फूट लांब. मधोमध प्रेमराज, काळा गॉगल, हात जोडलेले. वर मोठ्या अक्षरांत, 'मातोश्री भागाबाई यांच्या मानसिक आरोग्य प्रतिनिधीपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्या रांगेत अगदी शेवटी टिकलीएवढी भागाबाई. तिनं स्वतःच्या आजाराला शुभेच्छा दिल्या होत्या!

जे विसरले होते त्यांना आठवलं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी विचारून घेतलं. गिरणीवाला दळण देताना तिच्याशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून बिबडे करायच्या, त्याचं बोलावणं यंदा आलं नाही. "अक्का, तुम्ही आराम करा," म्हणाल्या. तिचं पीठ आंबूस म्हणणारी निदान तिला पीठ भिजवू तरी देत होती.

त्या संध्याकाळी भागाबाई मधल्या बुटक्या भिंतीपाशी गेली. पलीकडे कोकिळेची शेळी चांदी बांधलेली असायची. अबोला धरलेल्या बायका मुक्या थोड्याच असतात? कुणी मांजरीशी बोलतं, कुणी चुलीशी. या दोघी अकरा वर्षं शेळीशी बोलत होत्या. 'चांदी, सांग तिले, तिना कपडा उडी गयात.' 'चांदी, सांग तिले, दिसनात माले.' अशा रीतीनं दोन्ही संसार व्यवस्थित चालले होते. चांदी मेली तेव्हा तिच्या जागी तिचीच पाठ, तिचं पिल्लू, आली. तिचंही नाव चांदीच ठेवलं, म्हणजे बोलण्यात खंड नको.

"चांदी," भागाबाई म्हणाली, "सांग तिले, माले एक मानूस पाहिजे. पुढे मन्हं डोकं फिरनं तर माले बांधू नही देवाले. पहिले माले इचाराले."

पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. चांदीनं भिंतीवरचं केळाचं साल खाल्लं.

"चांदी, इचार तिले, तीन वर्स झाले, मन्ही चप्पल कोठे शे?"

भागाबाई घरात गेली. पेटीतून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली जोडी काढून आणली आणि भिंतीवर ठेवली. पुसलेली होती.

"चांदी," कोकिळा म्हणाली, "सांग तिले, कोनता दिन जानं शे धुळाले?"

ठरल्या दिवशी प्रेमराज, नाना आणि तोताराम जीपनं निघाले. मध्ये भागाबाई. प्रेमराजच्या अंगावरची शाल वाटेतल्या दोन गावांत दाखवून झाली. कोकिळा एसटीनं आली, कारण जीपमध्ये शेळी नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी स्टॅम्पपेपर वाचला. सव्वा वर्षाचं कलम दोनदा वाचलं. मग सगळ्यांना बाहेर बसवून भागाबाईला एकटीला विचारलं, "आजी, हे तुम्ही ठरवलंत?"

"अंगठा मन्हा शे. ठरावणारा भाहेर बसेल शेतस."

तिनं पिशवीतून वहीचा एक कागद काढला. वर कोकिळेचं नाव. खाली तीन ओळी. 'माले बांधू नका. चप्पल घालू द्या. पहिले माले इचारा.' आणि सही, लांब काठीच्या 'भा'ची.

कोकिळेला आत बोलावलं. "तुम्ही ही जबाबदारी घ्यायला तयार आहात? लेखी द्यावं लागेल."

कोकिळा डॉक्टरीण बाईंकडे बघून म्हणाली, "तिले सांगा, मी सही करसू."

"त्या इथंच बसल्यात. तुम्हीच सांगा की."

"आम्हनं बोलनं नही."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"अकरा वर्स."

"मग यांना बरं आहे की नाही, ते तुम्हाला कसं कळणार?"

"बाई, बोलस नही म्हणीसन तर कान तिनाकडेच ऱ्हास," कोकिळा म्हणाली. "पोटना पोऱ्याले तिनं जेवन झायं का तेबी माहीत नही. मागला टाइमले झोप उडनी तर तिनी रातना पितळी भांडा घासाले काढात. पहिला दिन हंडा, दुसरा दिन परात. तिसरा दिन मी नवराले सांगं, हिले दवाखानामा लई जा. त्यासनी आयकं नही. सात गावनं आवतण झायं, तव्हय दावं लिसन धावनात."

भागाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिला हे ठाऊकच नव्हतं.

कोकिळेनं सही केली. बाहेर आल्यावर डॉक्टरीण बाईंनी तिघांना सांगितलं, नेमणूक भागाबाईंची आहे, त्यांनी ती बदलली, आणि पुढेही त्या वाटेल तेव्हा बदलू शकतात.

"मग माझ्या पदाचं काय?" प्रेमराजनं विचारलं. "फ्लेक्स लागलाय, मॅडम."

"हे पद नाही हो."

"राजीनामा तरी घ्या," प्रेमराज म्हणाला. नानांना मात्र निराळंच दुःख होतं. त्यांचं सव्वा वर्ष सुरूच झालं नव्हतं.

आठवड्यानं भागाबाईनं चौकातला फ्लेक्स उतरवला आणि चांदीच्या गोठ्यावर टाकला. फ्लेक्सवरचा प्रेमराज हात जोडून खाली शेळीकडे बघू लागला. सावली चांगली पडली.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज आला. "चांदी, इचार तिले, गोयी लिधी का?"

"सांग तिले, लिधी," भागाबाई म्हणाली.

घेतली नव्हती. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, फडताळातून गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या जरा जोरातच आपटला, पलीकडे ऐकू जाईल असा.