ब्रिगादिएची हजामत

फ्रान्सच्या प्वातू प्रांतात घराण्याची अब्रू गाढवाच्या केसांत असते, असं तेओफिल गाबोरित उभा जन्म मानत आला होता. त्या मंगळवारी सकाळी ती अब्रू गोठ्यामागे शेणाच्या ढिगावर पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या चढल्या होत्या.

"हे काय केलंस, आर्मांद?"

"भादरलं." बहीण मेंढ्यांची कात्री एप्रनला पुसत होती. तेओफिलचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याचं करायला ती निओर शहरातून आली होती. आता गाढवाचंही करत होती. "नऊ वर्षं त्याला पाणी लागलेलं नाही. घरभर वास. मला आधी वाटलं, तुझाच येतोय."

ब्रिगादिए अंगणात उभा होता. गाढव कसलं, घोड्याएवढं धूड. कालपर्यंत त्याच्या अंगावरच्या, जन्मापासून न विंचरलेल्या जटा गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या. जटा जितक्या जुन्या, तितकं गाढव खानदानी, अशी तिथली रीत. आता नुसते कान आणि पाय उरले होते, आणि दोन्ही भलतेच लांब होते.

"आज निरीक्षक येतोय," तेओफिल म्हणाला. "खेचरं काढायला घोडीवर कुठलं गाढव सोडायचं, त्याची सरकारी यादी असते. पणजोबापासून आपलं एक तरी गाढव त्यात आहे. नाव गेलं की दारात फक्त खाटीक येतो."

"यादीत गाढव लिहितात की केस?"

"तुला नाही कळायचं. तू पोस्टात होतीस."

निरीक्षक सियार दहाला आले. गाडीतून उतरले आणि गाढवाभोवती एक चक्कर मारून आले. तेओफिलने रचून ठेवलेलं खोटं पुढे केलं.

"खरूज झाली होती, साहेब. डॉक्टरनेच सांगितलं, काढा म्हणून."

"कुठला डॉक्टर?" आर्मांद दारातून ओरडली. "मीच भादरलं!"

सियारनी मोजपट्टी काढली. खांद्याची उंची घेतली. दात पाहिले, गुडघे चाचपले, एकेक खूर उचलला, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. तेओफिल काठी टेकत मागोमाग फिरत होता.

"मस्यू गाबोरित," निरीक्षक म्हणाले, "बावीस वर्षं या भागात मी जटाच पास करत आलो. आत कोण असतं, ते आज पहिल्यांदा दिसलं."

"आणि?"

"आत गाढवच आहे. पाय सरळ, हाड जाड. चांगलं आहे."

त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून शिक्का मारला.

तेओफिल पाण्याच्या हौदाच्या काठावर मटकन बसला. छातीतून आलेला आवाज हसण्याचा होता हे त्याला जरा उशिरा कळलं. आर्मांदने लोण्याचं ताटाएवढं बिस्किट आणलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने ते मुठीने फोडलं, मोठा तुकडा निरीक्षकांपुढे धरला आणि दुसरा बहिणीला दिला. गाबोरितांच्या घरात आभार मानण्याची हीच कमाल मर्यादा होती.

"केस वाढतील," ती म्हणाली.

"वाढतील," तो म्हणाला. "पण कात्री आता माझ्या खोलीत राहील."

मंजुरी एका हंगामाची होती. शेजाऱ्यांनी एव्हाना खेचरांच्या जागी ट्रॅक्टर घेतले होते. त्या हंगामात एकही घोडी आली नाही.