न बोलणारा पहारेकरी

सिंगापूरच्या मराठी मंडळींचा एक गुण वाखाणण्यासारखा आहे. चौकशी फार आपुलकीने करतात. प्रबोध सिद्दी पहिल्यांदा मंडळाच्या गणपतीला गेला, तेव्हा त्याचा काळाभोर रंग आणि बारीक कुरळे केस पाहून कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त जो तो विचारी, "मूळचे कुठले?" तो सांगे, "हल्याळ. बेळगावच्या खाली." "हो, पण अगदी मूळचे?" शेवटी एका काकूंनी त्याच्या मराठीचं कौतुक केलं. घरात हीच भाषा बोलत वाढलेल्या माणसाला असं प्रशस्तिपत्र मिळावं, म्हणजे भाग्यच म्हणायचं.

आता मूळच काढायचं, तर त्याच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गलबतात कोंबून आणलं आणि गोव्यात विकलं. त्यातले काही मालकाची पालखी रस्त्यात टाकून पळाले आणि घाट चढून जंगलात शिरले. त्याला शतकं उलटली, तरी सिद्दी अजून बाहेरचेच. मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख मीनलताई मात्र नऊ वर्षांपूर्वी विमानाने आल्या, तांजोंग पगारच्या बँकेत चिकटल्या, पीआर म्हणजे कायमच्या रहिवासी झाल्या, आणि आता "हल्ली इथे कोणीही येतं" म्हणून नाक मुरडतात.

यंदाचं मुलांचं नाटक ताईंनी स्वतः लिहिलं होतं. चाचे राजकन्येला गलबतावर पळवतात आणि कोकणचे वीर तिला सोडवतात. प्रबोधच्या दहा वर्षांच्या ऋताला राजकन्या व्हायचं होतं. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आईबापाचे कान किटेपर्यंत तिने संवाद घोकले आणि निवडीच्या दिवशी एकदाही न अडखळता म्हणून दाखवले. तिच्यानंतरची मधुवंती वाक्याला सिंगापुरी शेपूट जोडत म्हणाली, "मला वाचवा, ला!"

राजकन्या मधुवंती झाली.

"ऋतासाठी खास भूमिका आहे हं," मीनलताईंनी प्रबोधला बाजूला घेतलं. "गलबतावरचा हबशी पहारेकरी. शोभेल तिला. शिवाय मेकअपची कटकट नाही!"

"संवाद काय आहेत?"

"छे हो, पहारेकरी कशाला बोलतोय?"

प्रबोधच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघालं, "थँक यू, मीनलताई." जन्माची सवय. नोकरीत, भाड्याचं घर शोधताना, लग्नाच्या बोलणीतसुद्धा तिनेच त्याला तारलं होतं. आज त्याला तिची लाज वाटली.

परतताना एमआरटीच्या गाडीत ऋता रडली नाही. ते त्याला जास्त लागलं.

"बाबा, तो पहारेकरी तिथे कसा आला?"

"त्याला विकत घेतलेलं असतं."

"म्हणजे त्यालापण पळवून आणलंय?"

"हो."

"मग त्याला सोडवायला कोण येतं?"

"कोणी नाही, बाळा."

"दॅट्स नॉट फेअर, ला," ऋता म्हणाली.

नाटकाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मधुवंती पुठ्ठ्याच्या डोलकाठीला बिलगून किंचाळली, "मला घरी जायचंय!" विंगेत मीनलताईंचा निहार आणि त्याचे वीर तलवारी उपसून सज्ज झाले. तेवढ्यात पहारेकऱ्याने भाला खाली ठेवला.

"मलापण," ऋता खणखणीत आवाजात म्हणाली. "चल."

तिने राजकन्येचा हात धरला. दोघी रंगमंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि प्रेक्षकांमधून थेट दाराबाहेर निघून गेल्या. मधुवंती तर भलतीच खूश दिसत होती. मागाहून वीर गर्जना करत आले, तो गलबत रिकामं. निहार उगारलेल्या तलवारीनिशी थोडा वेळ उभा राहिला, मग विंगेकडे वळून म्हणाला, "मम्मी, नाऊ हाऊ?"

सभागृहात हशा पिकला. प्रबोध मात्र अभिमानाने टाळ्या वाजवत होता.

मीनलताई तरातरा त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो प्रबोध, काय हे! तिला बोलायला कोणी सांगितलं?"

'सॉरी' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"कोणीच नाही, मीनलताई," तो उठत म्हणाला. "कोणी सांगायची वाट बघितली असती, तर आम्ही अजून गोव्यात कुणाची तरी पालखी वाहत असतो."

आणि तो लेकीला शोधायला बाहेर गेला.