फलाफल, फलाहार आणि मी

मित्रांनो, तो शेवटचा साधा दिवस होता, हे तेव्हा मला कळलं नाही. पितळेला पुढचं दिसत नाही. मी एक जुना साचा आहे, तळहातात मावेल एवढा. माझ्या वाटीत वाटलेला हरभरा भरतात आणि खटका दाबतात. तळाची चकती वर उचलली जाते आणि गोल, चपटा वडा अलगद तेलात उतरतो. त्या वड्याला फलाफल म्हणतात.

त्या संध्याकाळीही गफूरभाईंनी जळगावच्या बसस्टँडबाहेर आपली गाडी लावली. पहिला फलाफल तळून बशीत घेतला आणि मुलीपुढे धरला. रूही ग्रंथालयातलं काम आटोपून घरी जाताना रोज तिथं थांबायची.

"सांग बेटा, काय कमी शे?"

रूहीने फुंकर मारली, वडा मोडला, आतला हिरवा रंग पाहिला, मग खाल्ला. "कोथिंबीर जून आहे, अब्बा."

"उद्या कवळी आनसू," ते हसून म्हणाले.

पहाटे झोपेतच ते गेले. रूहीच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य कोथिंबिरीबद्दलचं होतं.

माझा जन्म फार लांबचा. कुठल्या भट्टीत मी वितळलो ते आठवत नाही, फक्त एक केशरी उजेड आठवतो आणि त्यानंतरची थंडगार शांतता. डोळे उघडले तेव्हा मी कुवेतमधल्या एका सीरियन उस्तादाच्या मुठीत होतो. दुकानाच्या दारातून समुद्राचा वारा यायचा. तिथंच धुळ्याहून आलेला तरुण गफूर भांडी घासायला लागला होता. उस्ताद त्याला सांगायचा, हरभरा रात्रभर भिजव, पण शिजवू नकोस. शिजला की तो विरघळतो. वाट, पण गंधासारखा नको, रवाळ ठेव. साच्यात दाबून भरू नकोस, आतून वारा खेळला पाहिजे. आणि तळल्यावर थांबू नकोस, गिऱ्हाईक थांबेल, फलाफल थांबत नाही. थांबलेला फलाफल म्हणजे दगड.

उस्ताद थकला तेव्हा त्याने मला गफूरच्या हाती दिलं. मी समुद्र ओलांडून खान्देशात आलो. इथलं ऊन पाहून मला पुन्हा भट्टी आठवली.

सुरुवातीला आमच्याकडे कुणी फिरकत नसे. मग एका एकादशीला असोद्याच्या लताबाई गाडीपुढे उभ्या राहिल्या. घरी केळीचे बाग, हातात भरलेली पिशवी, डोक्यावर पदर.

"गफूरभाऊ, एक पलेट द्या. हा फलाहार उपासाले चालते ना?"

गफूरभाईंचा हात कढईवरच थांबला. समोर दिवसभरातलं पहिलं गिऱ्हाईक होतं.

"अक्का, हाऊ फलाहार नही, फलाफल शे. यामा हरभरा शे. तुमना उपास मोडी जाई."

"अगं माय! मंग पाटीवर फला कायले लिहिलं? लोकायले फसवता काय?"

"फसाडतू तं सांगतू का, अक्का?"

लताबाई खो खो हसल्या. पिशवीतलं एक केळं त्यांनी स्वतः सोललं, एक गफूरभाईंना दिलं. दुसऱ्या दिवशी उपास सोडून त्या सगळ्या जावांना घेऊन आल्या. तेव्हापासून आसपासच्या गावांत आमच्या गाडीला फलाहारवाल्याची गाडीच म्हणत. पाटी बदलावी असं गफूरभाईंना कधी वाटलं नाही.

रूही त्यांची चाखणारी कशी झाली, तेही सांगतो. रमजानात गफूरभाईंचा रोजा असायचा. इफ्तारसाठी पीठ तयार करायचं, पण चाखायचं कुणी? रूही तेव्हा लहान होती, रोजा धरत नव्हती. ते तिच्या जिभेवर कणभर पीठ ठेवत आणि विचारत, "काय कमी शे?" ती डोळे मिटून सांगायची, मीठ, नाहीतर जिरं. एकदा ती लाडाने म्हणाली, "मस्त आहे!" तर ते म्हणाले, "मस्त तं गिऱ्हाईक म्हनस. तू मनी जीभ शे. तू कमी सांग."

तिने ते मनावर घेतलं. मोठी झाली, पुस्तकांत रमली, स्वतः रोजे धरू लागली, तरी बाकीच्या दिवशी संध्याकाळी ती कमी शोधायचीच. कमी नसली की नुसती बशी परत द्यायची. त्या रिकाम्या बशीचा अर्थ त्यांना कळत होता का, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्या बशीकडे ते क्षणभर पाहत, एवढं मात्र खरं.

ते गेल्यावर मी खुंटीवर राहिलो. मिठाने मला हिरवट डाग पडले. दुपारी पत्रा तापला की झोपेत समुद्र ऐकू यायचा, आणि कुणीतरी खटका दाबतंय असं वाटायचं. डोळे उघडले की भिंत.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जेवण घालायचं होतं. आदल्या संध्याकाळी रूहीची आई मेहरुन म्हणाली, "त्यांच्या हातचं होतं तसं काही तरी वाढू या." रात्री हरभरा भिजत घातला आणि सकाळी लताबाई मदतीला आल्या. भिजलेला हरभरा पाहून त्यांना राहवलं नाही.

"कच्चा हरभरा वाटता? लोकायचे पोटं दुखतीन ना!" म्हणत त्यांनी तो कुकरला लावून टाकला.

शिजलेला हरभरा वाटून हातावरच थापलेला पहिला वडा कढईत पडला आणि विरघळला. दुसराही. तेल फेसाळून वर आलं. मेहरुनने तोंडाला पदर लावला. लताबाई क्षणभर गांगरल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "बेसन आना. मसाला वाटा. रस्सा टाकते."

बेसन कालवलेल्या त्या पिठाचे गोळे उकळत्या रश्श्यात पडले, डुबुक, डुबुक. पंगतीत डुबुक वडे वाढले गेले. लोकांनी बोटं चाटली. मेहरुनला खुदकन हसू आलं. "ते असते तर म्हणाले असते, लताअक्काने माझ्या फलाफलला बुडवलं!"

सगळे हसले. रूहीही हसली, पण तिने ताटातला वडा चमच्याने परतून पाहिला आणि तसाच ठेवला.

मित्रांनो, आम्हा पितळी भांड्यांना चिंच आणि मीठ लावून घासा, आम्ही पुन्हा उजळतो. तेवढीच आमची मागणी. आणि ज्यांच्या हातचं खाता, त्यांना काय ते गरम असतानाच सांगा. थांबलेला फलाफल कसा होतो, ते मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी रूहीने हरभरा भिजत घातला. त्यानंतरच्या सकाळी तिने मला खाली काढलं आणि चिंचेने घासघासून लख्ख केलं. हरभरा कच्चाच वाटला, रवाळ. कोथिंबीर कवळी होती. माझ्या वाटीत तिने पीठ हलकेच भरलं. तिने अंगठ्याने खटका दाबला. वडा तेलात उतरला, तरंगला, फुटला नाही.

तिने तो बशीत घेतला, फुंकर मारली, मोडला. आत हिरवा होता. डोळे मिटून तिने घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मेहरुन दारात उभी होती. रूही पुन्हा चावत राहिली. जिरं थोडं जास्त होतं, तळण थोडं मऊ. एकेक उणीव तिच्या जिभेला लगेच सापडत गेली, आणि प्रत्येक उणिवेबरोबर तिचे डोळे भरत गेले. मग तिने बशी खाली ठेवली, मला दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि त्या छोट्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली,

"अब्बा, तुमच्यात काहीच कमी नव्हतं."